भिंतीची जाडी

बाटलीच्या तोंडाशी एक बुडबुडा अडकला होता. दाबलं की पुढे यायचा, सोडलं की मागे सरकायचा – फुटत नव्हता, बाहेरही पडत नव्हता – आणि तिला तेवढं निमित्त पुरलं. सोनोग्राफीच्या जेलमध्ये हवा राहिली तर चित्रात सावली पडते, हे खरं. पण एवढ्याशा बुडबुड्यानं काही बिघडत नाही, हेही इतक्या वर्षांनी तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं बाटली उलटी धरून तळहातावर आपटली. पुन्हा आपटली. टेबलावर पडलेल्या माणसाच्या उघड्या पोटाकडे बघायचं तेवढंच लांबत होतं.

"किती आपटशील?" टेबलावरून बाबा म्हणाले. "सॉस आहे का तो?"

ती हसली. म्हणजे हसल्याचा आवाज तिनं काढला, आणि तो आवाज त्या अंधाऱ्या, थंड खोलीत जरा जास्तच मोठा वाटला.

बाबांनी शर्ट छातीपर्यंत वर घेतला होता. पट्टा सोडून हातात गुंडाळून धरला होता. चेहरा आणि हात उन्हानं रापलेले, आणि पोट मात्र पांढरं, मऊ, लहान मुलासारखं… आपण हे पोट कधी पाहिलंच नव्हतं, असं तिच्या मनात आलं. बाबा न्हाणीतून बाहेर यायचे ते गळ्यापर्यंत बटणं लावूनच. आईकडेसुद्धा त्यांनी कधी टॉवेल मागितला नसेल; विसरले तर ओल्या अंगावर शर्ट चढवून यायचे आणि आई म्हणायची, "कुणाला लाजता एवढं? इथे काय तिकीट लावलंय?" आणि आता आई नव्हती, आणि ते पोट होतं, आणि त्यावर जेलची गार धार सोडायची होती.

"गार लागेल हं."

"लागू दे."

हे सगळं वहिनीपासून सुरू झालं. तिचाच फोन आला होता – "ताई, राग मानू नका, पण बाबा रात्री फार उठतात हो. आणि गेले की लवकर बाहेर येत नाहीत. मी सुनेनं कसं विचारायचं?" मग दादा. दादानं नेहमीप्रमाणे आधी घसा साफ केला आणि मग म्हणाला, घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं. तुझं तर रोजचंच काम. आणि मग खुद्द बाबा. त्यांच्या अटी होत्या. दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही, बघायचं तर तूच बघ. आणि जे दिसेल ते आधी मला सांगायचं, दादाला नंतर – त्याला ब्लडप्रेशर आहे.

तिनं बरं म्हटलं होतं. नको म्हणायला हवं होतं… आपल्या माणसाचं आपण करू नये, हे या धंद्यात शिकवावंही लागत नाही. शिंपीसुद्धा स्वतःच्या पाठीचं माप घेत नाही. तिच्याबरोबर काम करणाऱ्या छोट्या डॉक्टरांनी – वयानं लहान म्हणून सगळं सेंटर त्यांना छोटे डॉक्टर म्हणायचं – सकाळीच विचारलं होतं, "मॅडम, काकांचं मी करू का?" ती म्हणाली, "नको, साधंच आहे."

साधंच तर होतं. सकाळपासून बाबा बाहेर बसून पाणी पीत होते. लघवीची पिशवी भरली पाहिजे, भरल्याशिवाय भिंत नीट दिसत नाही, हे ती दिवसभरात इतक्या जणांना सांगायची की त्या वाक्याला आता चाल लागली होती. बाकीचे पेशंट थोड्या वेळात हैराण व्हायचे. पायावर पाय टाकायचे, उठून फेऱ्या मारायचे, काउंटरवरच्या मुलीशी भांडायचे – अहो, आता घेता की नाही, नाहीतर इथेच तळं होईल! आणि बाबा ऐसपैस बसले होते, हात मांडीवर ठेवून. तिनं दोनदा बाहेर येऊन विचारलं, लागली का? ते म्हणाले, नाही ब्वा. रिकाम्या बाटल्या त्यांच्या पायाशी उभ्या होत्या, आणि त्या माणसाला काही जाणवतच नव्हतं. भरल्याचं ज्या पिशवीला कळत नाही, ती बरेच दिवस नीट रिकामी झालेली नसते, हे तिला ठाऊक होतं.

तिनं मशीनचा प्रोब पोटावर टेकवला.

काळं. पाणी नेहमी काळंच दिसतं. स्क्रीनवर मोठा काळा डोह उघडला, अपेक्षेपेक्षा खूप मोठा, आणि त्याच्या कडेनं राखाडी पट्टा – आत एक उजळ रेघ, बाहेर एक उजळ रेघ, मधे स्नायू. ही भिंत. भरली की ताणून पातळ होते, रिकामी झाली की जाड; म्हणून मोजायची ती भरलेलीच. तीन मिलिमीटरच्या आत असली तर कुणी काही बोलत नाही. तिनं बटण दाबून चित्र थांबवलं, एक खूण आतल्या रेघेवर ठेवली, एक बाहेरच्या. पाच. दुसरीकडे मोजलं. पाचाहून थोडं कमी.

ठीक. हे चालतं. या वयाच्या पुरुषांत प्रोस्टेटची ग्रंथी वाढते, वाट अरुंद होते, पिशवीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावून लावून तिचे स्नायू जाड होतात – व्यायामशाळेत जाणाऱ्या पोरांच्या दंडासारखे. हे ती पेशंटना असंच सांगायची आणि ते हसायचे, आणि हसले की अर्धं दुखणं कमी झाल्यासारखे टेबलावरून उतरायचे. बाबांसाठीही तिनं ते वाक्य मनात काढून ठेवलं. घाबरायचं कारण नाही. गोळी लागेल, फार तर छोटं ऑपरेशन. तिनं प्रोब डावीकडे सरकवला, केवळ काम पुरं करायचं म्हणून…

नऊ.

नाही. तिरका छेद. भिंत तिरकी कापली गेली की जाड दिसते. काकडी तिरकी चिरली की चकती लांबट पडते, तसंच. शिकाऊ डॉक्टरांना ती हेच ओरडून सांगायची. तिनं मनगट सरळ केलं. आठ. पुन्हा. साडेनऊ. पुन्हा, जरा अलीकडे – सात. सात बरं होतं. सातावर तिनं चित्र थांबवलं आणि खुणा ठेवल्या, आणि मग तिच्या लक्षात आलं, की खुणा ठेवताना ती श्वास रोखून आतली खूण हळूच बाहेर ढकलते आहे. केसाएवढीच. सहा.

मी काय करतेय हे? मी मोजतेय, की घासाघीस करतेय?

"काय गं," बाबा म्हणाले, "पिक्चर लांबला का?"

"थोडं राहिलंय."

तिनं चेहरा सांभाळला. पेशंट स्क्रीन बघत नाहीत, त्यांना त्यातलं कळत नाही. ते डॉक्टरचा चेहरा बघतात. भुवई हलली की त्यांच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून तिनं फार पूर्वीच एक चेहरा तयार केला होता – रांगेत उभं राहिलेल्या माणसाचा, ज्याचा नंबर अजून लांब आहे. तो चेहरा सगळ्यांसमोर टिकायचा. पण हा माणूस तिला ती बोबडं बोलायची तेव्हापासून ओळखत होता. प्रगतिपुस्तक दप्तरातून निघायच्या आधीच ते गणितात किती पडले ते सांगायचे.

"जरा उजव्या कुशीवर होता का?"

"होतो की."

टेबल करकरलं. साकळलेलं रक्त असेल तर कुशीवर वळल्यावर ते घरंगळतं, गाळ असेल तर वाहतो. भिंतीचं असेल तर भिंतीबरोबर राहतं. ते राहिलं. लहानसा, ओबडधोबड उंचवटा, डाव्या मूत्रनळीच्या तोंडाजवळ… आणि मूत्रनळीचं तोंडच कधीकधी असं वर आलेलं असतं, नाही का? असतं. तिनं रक्तप्रवाह दाखवणारा रंग चालू केला. नळीतून लघवीची पिचकारी आत आली, ज्योतीसारखी, आणि विझली. उंचवट्यात एक लाल ठिपका लुकलुकला. पुन्हा बघेपर्यंत नव्हता. तो आतला होता? की पलीकडच्या शिरेचा? की बाबा खोकले तेव्हाचा?

"आता जाऊन या," ती म्हणाली. "मग रिकामी झाल्यावर एकदा बघते."

तिनं त्यांना हात दिला. त्यांनी तो घेतला नाही. कोपरावर रेटा देऊन उठले, पोट पुसलं, शर्ट खाली ओढला आणि आधी बटणं लावली, मग पट्टा, मग चालले. एवढंसं अंतर, पण नीट पोशाख करून.

ती टॉयलेटबाहेर पॅसेजमध्ये उभी राहिली. तिथं उभं राहायचं काही कारण नव्हतं. सफाईच्या मावशी बादली घेऊन चालल्या होत्या, थांबल्या, दाराकडे बघून म्हणाल्या, "वडील ना तुमचे? नाकावरून कळतं." आणि गेल्या. आतून आवाज आला – बारीक, तुटक. थेंब, मग काहीच नाही, मग पुन्हा थेंब. मग एक उसासा. तसला उसासा तिनं फक्त एकदाच ऐकला होता…

लहान असताना ती त्यांच्या केबिनमध्ये पत्र्याच्या ट्रंकेवर बसायची. गावातल्या सिनेमागृहात बाबा ऑपरेटर होते. आधी दोघं होते. दुसरा सोडून गेला आणि मालकानं त्याच्या जागी कुणाला घेतलंच नाही. दोन मशिनं, आत कार्बनच्या दोन कांड्या जळत असायच्या, आणि कांड्यांमधलं अंतर सतत जुळवत राहावं लागायचं. जरा दुर्लक्ष झालं की पडदा अंधारायचा आणि खालून शिट्ट्या, शिव्या. त्यामुळे बाबांना उठता यायचं नाही. इंटरव्हलमध्ये रीळ गुंडाळायचं असायचं. आई डबा घेऊन यायची आणि म्हणायची, अहो, आधी जाऊन तरी या, तर हे म्हणायचे, "हिरोला मरू दे, मग जातो." कधीकधी हिरो मरायचाच नाही. मग घरी येईपर्यंत थांबायचे. आणि एकदा आई आली नव्हती, आणि तिनं ट्रंकेवरून पाहिलं होतं, बाबा मशीनला कपाळ टेकवून उभे होते, दोन्ही पाय जोडून, आणि त्यांच्या तोंडून तसाच उसासा… तिला वाटलं होतं ते रडतात. पडद्यावर कुणीतरी मरत होतं, आणि तिला वाटलं होतं, त्यासाठी रडतात.

भीतीचं दृश्य यायचं झालं की ते तिच्या डोळ्यांवर हात धरायचे. तेलाचा, गरम धातूचा वास येणारा हात. "आता खाली बघ," म्हणायचे. त्यांना माहीत असायचं, पुढं काय येणार ते. रोज तीन वेळा पाहिलेलं असायचं. ती मुकाट्यानं खाली बघायची. कितीतरी सिनेमांतले खून तिनं अजून पाहिलेले नव्हते.

आत नळ सोडल्याचा आवाज आला. मोठ्यानं, धो धो. तिला एकदम कळलं – त्यांना माहीत होतं, ती बाहेर उभी आहे. आणि ती घाईघाईनं पॅसेजमधून निघाली, चप्पल वाजणार नाही अशी, चोरासारखी.

पुन्हा टेबल, पुन्हा जेल. पिशवी रिकामी झालीच नव्हती, निम्मीसुद्धा नाही. पण जेवढी आकसली तेवढी भिंत घड्या घालून जाड झाली होती, सगळीकडूनच, आणि ती डावीकडची जागा त्या घड्यांत कुठेतरी मिसळून गेली होती. ती शोधत राहिली. इथं? की ही नुसती घडी? दिसत नव्हतं. आणि दिसत नव्हतं म्हणून तिला क्षणभर इतकं बरं वाटलं, खांद्यांतून काहीतरी उतरल्यासारखं, की त्या बरं वाटण्याचीच तिला किळस आली. झाकलं म्हणून गेलं, असं कधी झालंय?

"बाबा, पुन्हा पाणी प्यावं लागेल."

"का? आधीचं कमी पडलं?"

"नाही… मला एकदा भरलेलं परत बघायचंय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं रांगेतला चेहरा धरून ठेवला. "बरं," ते म्हणाले. फार पटकन म्हणाले. काय बघायचंय, असं विचारलंच नाही. आणि न विचारणं हा बाबांचा स्वभाव नव्हता. भाजीवाल्यालाही ते दोनदा विचारत, ही भाजी कुठल्या मळ्यातली म्हणून.

मग दुसरे पेशंट. एक गरोदर बाई, नवऱ्याचा हात न सोडणारी. बाळाचं डोकं, मांडीचं हाड, हृदयाची धडधड. "सगळं ठीक ना, डॉक्टर?" "अगदी ठीक." ठीक हा शब्द किती अलगद सुटला तोंडातून. खरा होता म्हणून सुटला; पण तिला वाटलं, खोटा असता तरी इतकाच अलगद सुटला असता का? मग पित्ताशयातला खडा. मग एक म्हातारी, जिला काहीच झालेलं नव्हतं आणि जी त्यामुळे नाराज झाली.

मधे दादाचा फोन. तो वाजू दिला. पुन्हा वाजला.

"काय निघालं?"

"अजून चाललंय."

"एवढा वेळ?"

"गर्दी आहे आज मशीनवर."

"काही विशेष नाही ना? म्हणजे, वय झालं की व्हायचंच, नाही का?"

"हो," ती म्हणाली. "व्हायचंच." आणि दादानं सुटकेचा श्वास सोडला तो फोनमधून तिच्या कानावर आदळला. दादाला हो म्हणणं सोपं होतं. जगात सगळेच दादासारखे असते तर… ज्यांना हो हवं असतं आणि हो मिळालं की पुरतं.

चहाच्या टेबलाशी छोटे डॉक्टर बिस्किट बुडवत होते. "काकांचं झालं?"

"परत भरायला सांगितलंय."

"काही आहे का?"

"तिरका छेद आला असेल."

त्यांनी बिस्किट कपात तसंच धरलं. तिरक्या छेदासाठी ही बाई कुणाला तासभर पाणी पाजत नाही, हे त्यांना माहीत होतं. "मी बघू, मॅडम?"

"नको."

बिस्किट गळून कपात पडलं. दोघंही त्याकडे बघत राहिले.

हॉलच्या दाराला काच होती. ती काचेआड थांबली. बाबांच्या शेजारी एक तरुण मुलगा बसला होता, गुडघे आवळून, घाम फुटलेला. त्याचीही पिशवी भरायची होती. बाबा त्याला शिकवत होते. "विचार करायचा नाही तिचा. विचार केला की ती जास्त ओरडते. आमच्या सिनेमात एक हिरो होता, अरे, गोळी लागल्यावर तीन गाणी म्हणायचा! मी वर मशीनपाशी, असा, पाय जुळवून. म्हणायचो, मर रे बाबा, मर एकदाचा! खाली बायका रडतायत आणि मी वर देवाला हात जोडतोय, की ह्याला उचल…"

सगळा हॉल हसत होता. तरुण मुलगा पोट धरून विनवत होता, "काका, हसवू नका हो, पाया पडतो, होईल इथेच!" समोरची एक पोक्त बाई पदरात तोंड लपवून गदगदत होती आणि हसता हसता उठून दाराकडे पळाली, आणि त्यावर आणखी हसू फुटलं.

मग काउंटरवरच्या मुलीनं त्या मुलाचं नाव पुकारलं. तो गेला. लोक आपापल्या फोनमध्ये गेले. बाबांच्या तोंडावर हसू तसंच राहिलं होतं, कुणी घ्यायला न आलेलं. आणि मग ते हळूहळू उतरलं. त्यांनी पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवला. नेमका तिथंच. बोटांनी चाचपलं, शर्टावरून, इकडे तिकडे बघत, कुणी पाहत नाही ना म्हणून, थोडं दाबलं. आणि त्यांनी सोनोग्राफीच्या खोलीच्या दाराकडे नजर टाकली.

ती काचेपासून मागे सरली. बाबा भ्यालेले तिनं कधी पाहिले नव्हते. आईच्या वेळीसुद्धा… आईच्या वेळी ते सगळ्यांना चहा विचारत फिरत होते. तिला वाटलं होतं, त्यांच्यात ते नसतंच; काही माणसांना गाण्याचा आवाज नसतो, काहींना सुरांचा कान नसतो, तसं बाबांना भय नाही. आणि ते असं होतं तर. शर्टाच्या आत. गळ्यापर्यंत बटणं लावलेलं.

ते टेबलावर आडवे झाले तेव्हा तिनं दिवा मालवला नाही. प्रोब हातात होता, तो टेकवायच्या आधीच ते म्हणाले, "सकाळी तू डावीकडे फार वेळ होतीस."

"हं?"

"दाबत होतीस. मला कळलं. काय आहे तिथं?"

वाक्य तयार होतं. व्यायामशाळेतल्या पोरांचे दंड. जिभेच्या टोकाशी होतं. ती म्हणालीसुद्धा – "बाबा, असं बघा, या वयात पिशवीला जोर लावावा लागतो, आणि –" आणि पुढचं आलं नाही. म्हणजे शब्द आले, पण ते कुणा दुसऱ्याच्या वडिलांचे होते.

"भिंत जाड झालीय," ती म्हणाली. "सगळीकडे थोडी झालीय, ते चालतं. त्याला औषध आहे. डावीकडे एका ठिकाणी जास्त आहे. ते काय आहे, मला कळत नाहीये."

"तुला कळत नाहीये?"

"नाही."

हा शब्द तिनं या खोलीत कधी उच्चारला नव्हता. या खोलीत लोक त्यासाठी येतच नव्हते.

"दर वेळी मोजलं की वेगळं येतंय," ती म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता. "आणि मला वाटतं, माझ्यामुळेच येतंय. मी हात असा धरते… कमी यावं असा धरते. मला समजतंय, आणि तरी धरते."

बाबा छताकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी मुलाला दटावत होतं.

"मग दुसऱ्याला धरू दे," ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणाला होतात, दुसऱ्या कुणाला –"

"म्हणालो होतो." ते म्हणाले. "मला वाटलं, तू बघितलंस म्हणजे काही निघणार नाही." आणि मग त्यांना स्वतःचंच हसू आलं, बारीक, नाकातल्या नाकात. "ह्या वयात बघ कसली अक्कल. परीक्षक घरचा असला म्हणजे पोरगं पास, तसं काहीतरी."

ती हसली नाही. प्रोब जागेवर अडकवला, दार उघडलं आणि पॅसेजमध्ये हाक मारली.

छोटे डॉक्टर आले. तिनं त्यांना काही सांगितलं नाही. डावं नाही, उजवं नाही, नऊ नाही. सकाळची चित्रं दाखवली नाहीत. "पहिल्यापासून बघा," एवढंच म्हणाली. त्यांनी मान हलवली. दिवा मालवला.

आणि मग ती कुठं उभी राहणार? मशीनपाशी त्यांचं स्टूल होतं. त्यांच्या मागे उभं राहिलं तर त्यांचा हात अवघडणार. ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, बाबांच्या डोक्याशी, जिथं नातेवाईक बसतात ते प्लॅस्टिकचं स्टूल होतं. त्यावर ती कधी बसली नव्हती. ते डुगडुगत होतं. एक पाय आखूड होता, आणि इतकी वर्षं कुणी तक्रार केली नव्हती – तिथं बसणाऱ्यांना तक्रारीचं भान नसणार. स्क्रीनची पाठ तिच्याकडे होती.

"काका, गार लागेल हं."

"लागू दे. तुमच्या मॅडमनी सकाळपासून बर्फातच ठेवलंय मला."

छोटे डॉक्टर हसले. मग प्रोब टेकवला. खुणा ठेवल्याची टिकटिक आली. एक, दोन. मग खूप वेळ काही नाही. मग पुन्हा. त्यांचा हात डावीकडे गेला, तिला दिसलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. ते कशासाठी होतं, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं सवयीनं आकडा धरायचा प्रयत्न केला – इतका वेळ म्हणजे सात असेल, नाही, दोनदा गेले म्हणजे… आणि तो हिशेब मध्येच सुटला. धागा बोटांतून निसटावा तसा, आणि तिनं खाली वाकून तो शोधला नाही.

तिनं बाबांच्या कपाळावर हात ठेवला. का ठेवला, कळलं नाही. त्यांच्या डोक्याला तिचा हात कधी लागला नसेल. केस इतके विरळ आणि मऊ असतील अशी तिची कल्पना नव्हती.

"तुझा हात गार आहे," ते म्हणाले.

"काढू?"

"असू दे."

छोटे डॉक्टर म्हणाले, "आता मूत्रपिंडं बघतो. काका, मोठा श्वास घ्या… आणि धरून ठेवा."

बाबांनी धरला. तिच्या हाताखाली कपाळाची कातडी ताठ झाली. हे वाक्य ती रोज म्हणायची आणि म्हणताक्षणी चित्रात शिरायची. त्या तेवढ्या वेळात पडलेल्या माणसाला किती लांब जाऊन यावं लागतं, याचा तिला पत्ताच नव्हता. भीती होती. सकाळइतकीच होती, कदाचित जास्त. पण सकाळी ती हातात होती, आणि हात सरळ ठेवायचा होता, आणि चेहरा सरळ ठेवायचा होता. आता हाताला काही करायचं नव्हतं. ती भीती मनगटातून वर सरकली, खांद्यांत आली, पाठीतून खाली उतरली, पार तळपायांपर्यंत – आणि तिनं तिला जाऊ दिलं, जिथं जायचं तिथं. त्या डुगडुगत्या स्टुलावर तिला हलता येत नव्हतं आणि हलायचंही नव्हतं.

"सोडा."

बाबांनी सोडला. मग तिला समजलं, आपणही धरला होता.

"अजून एकदा," छोटे डॉक्टर म्हणाले, आणि बाबांच्या बरोबरीनं तिनं छाती भरून श्वास आत घेतला.